पाच मिलिग्रॅमच्या कुपीत साडेतीन : मागणीनुसार पेप्टाइड बनवून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

आमच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने गेल्या वर्षभरात एका भारतीय कंपनीकडून मागणीनुसार पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, बनवून घेतले. आपण अमिनो आम्लांचा क्रम कळवायचा, शुद्धता आणि वजन सांगायचे, आणि तीनेक आठवड्यांनी कुरिअरने पांढऱ्या भुकटीची कुपी यायची, अशी ही सेवा आहे. मोठ्या संशोधन संस्थांमध्ये पेप्टाइड संश्लेषणाचे यंत्र असते आणि त्यांना याचे फारसे अप्रूप नसते, पण एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचे प्रबंध करून घेणाऱ्या आमच्यासारख्या विभागांना जिवाणूनाशक पेप्टाइडांवर काम करायचे तर दुसरा मार्ग नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण ज्या गोष्टींनी आम्हाला अडवले त्यांतल्या बऱ्याच गोष्टी इतर कंपन्यांच्या अर्जांतही मला तशाच दिसल्या.

आधी आम्हाला काय हवे होते ते सांगते. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज आहे. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे मुळात एक पेप्टाइडच आहे, आणि त्यालाही दाद न देण्याची ताकद जिवाणूंना देणारे एमसीआर-१ हे जनुक २०१५ मध्ये चीनमधून नोंदवले गेले. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने पशुपालनातील कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली, तीही याच काळजीपोटी. दुसरीकडे, बेडकाच्या कातडीपासून माणसाच्या पांढऱ्या पेशींपर्यंत अनेक ठिकाणी निसर्गानेच छोटी जिवाणूनाशक पेप्टाइडे तयार ठेवलेली आहेत. मायकेल झॅस्लॉफ यांनी १९८७ मध्ये आफ्रिकन नखवाल्या बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन वेगळे केले, आणि त्यावरून घडवलेले २२ अमिनो आम्लांचे पेक्सिगॅनन हे मलम मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमांसाठी थेट अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या दारापर्यंत पोचले. १९९९ मध्ये त्याला मंजुरी नाकारण्यात आली. नैसर्गिक नमुना जसाच्या तसा न उचलता त्याची लांबी, विद्युत प्रभार आणि तेलकटपणा आपल्या हातात ठेवून नवे पेप्टाइड आखायचे, हा या क्षेत्राचा मुख्य खटाटोप आहे, आणि माझ्या विद्यार्थिनीला त्यातला अगदी लहानसा धडा स्वतःच्या हाताने गिरवायचा होता.

आखणीच्या टप्प्यावर आम्हाला एक पैसाही खर्च करावा लागला नाही, आणि याचे श्रेय बऱ्याच अंशी मुंबईला द्यावे लागेल. परळच्या राष्ट्रीय पुनरुत्पादक व बाल आरोग्य संशोधन संस्थेने जिवाणूनाशक पेप्टाइडांचा ‘कॅम्प’ नावाचा संग्रह तयार केला आहे. तो २०१० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि त्याच्या चौथ्या आवृत्तीत चोवीस हजारांहून अधिक क्रम आहेत, ज्यांत नैसर्गिक आणि कृत्रिम अशी विभागणी केलेली आहे. आपला क्रम तिथे टाकला की तो जिवाणूनाशक असण्याची शक्यता किती, हे यंत्र-शिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) पद्धतींनी काढून मिळते. नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राचा आणि जॉर्जिया देशातील तिबिलिसीचा, असे आणखी दोन संग्रह आम्ही पाहिले; तिबिलिसीच्या संग्रहात कोणते पेप्टाइड कोणत्या जिवाणूवर किती मात्रेला चालले आणि तांबड्या पेशी किती फोडल्या, याचेही आकडे असतात. परळचा संग्रह वापरायला सोपा आहे आणि विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून हाताळता येतो, म्हणून आम्ही सुरुवात तिथूनच केली.

आम्ही आखलेले पेप्टाइड चौदा अमिनो आम्लांचे होते : सहा लायसिन, सहा ल्युसिन आणि दोन ट्रिप्टोफॅन. एकाक्षरी खुणांत लिहायचे तर के-डब्ल्यू-एल-के-के-एल-एल-के-डब्ल्यू-एल-के-के-एल-एल. यात नवलाचे काही नाही; लायसिन आणि ल्युसिनची ही वाट अनेकांनी तुडवलेली आहे. पेप्टाइडाचे मळसूत्री वेटोळे झाले की प्रत्येक अमिनो आम्ल आधीच्यापासून १०० अंश फिरून बसते. कागदावर वर्तुळ काढून त्यावर हे चौदा ठिपके मांडले की सगळी धन प्रभारित लायसिने एका बाजूला आणि सगळी तेलकट ल्युसिने व ट्रिप्टोफॅने दुसऱ्या बाजूला येतात. धन प्रभाराची बाजू जिवाणूच्या ऋण प्रभारित पटलाला चिकटते आणि तेलकट बाजू त्या पटलात घुसते. ट्रिप्टोफॅन घेण्यामागे आणखी एक व्यवहारी हेतू होता, जो पुढे फार उपयोगी पडला : ते २८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते, त्यामुळे द्रावणात पेप्टाइड किती आहे हे साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजता येते.

क्रमाच्या शेपटाला, म्हणजे सी-टोकाला, आम्हाला आम्लाऐवजी अमाइड हा प्रभारहीन गट हवा होता. आम्ल ठेवले तर त्याचा ऋण प्रभार एका लायसिनचा धन प्रभार खाऊन टाकतो; अमाइड केले तर निव्वळ प्रभार सहावरून सातावर जातो. लहान जिवाणूनाशक पेप्टाइडांत एका प्रभाराचा फरक सहज दिसून येतो, म्हणून आम्ही क्रमाच्या शेवटी ‘एनएच२’ असे स्पष्ट लिहून मागणी पाठवली.

कोटेशन एका दिवसात आले, ही या सेवेची पहिली चांगली बाजू. दर अमिनो आम्लामागे असतो आणि शुद्धतेप्रमाणे चढत जातो : कच्चे, ७० टक्के, ८५ टक्के, ९५ टक्के, ९८ टक्के अशा पायऱ्या असतात. अधिक वजन घेतले तर प्रति मिलिग्रॅम दर पुष्कळ उतरतो, कारण खरा खर्च संश्लेषणाचा आणि शुद्धीकरणाचा असतो. जिवाणूंवर मात्रा ठरवण्याचे प्रयोग करायचे असतील तर ९५ टक्क्यांखाली जाऊ नये असे माझे मत आहे. साखळी एकेक मणी जोडत वाढते आणि प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली तरी चौदा मण्यांच्या तेरा जोडण्यांनंतर पूर्ण साखळ्या ८८ टक्क्यांच्या आसपासच उरतात. जोडणी ९५ टक्क्यांवर घसरली तर निम्म्याच. उरलेल्या साखळ्यांत कुठे एक ल्युसिन गळालेले, कुठे एक लायसिन. असल्या अपुऱ्या साखळ्याही जिवाणू मारू शकतात, आणि मग आपण नेमके कशाचे मोजमाप करतो आहोत हेच कळेनासे होते.

पार्सल बाविसाव्या दिवशी आले. पुठ्ठ्याच्या खोक्यात फुगवलेला प्लॅस्टिकचा कागद, त्यात जेलची पिशवी, जी केव्हाच वितळून कोमट झालेली होती, आणि मध्ये बोटाच्या पेराएवढी कुपी. जेल वितळले म्हणून माझी विद्यार्थिनी घाबरली, पण गोठवून सुकवलेली पेप्टाइडे चार दिवस सामान्य तापमानाला राहिली तरी बिघडत नाहीत. त्याबद्दल मी कंपनीला दोष देणार नाही. कुपीत भुकटी म्हणावी असे काही दिसतच नव्हते. काचेच्या आतल्या बाजूला कापसाच्या पेळूसारखा पातळ थर, आणि थोडा झाकणाच्या आत चिकटलेला. झाकण उघडण्याआधी कुपी आपटून घ्यावी आणि फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर हवेतली वाफ भुकटीत शिरते, ही सूचना खोक्यातल्या कागदावर छापलेली असती तर बरे झाले असते, ती नव्हती.

सोबत विश्लेषणाचे प्रमाणपत्र होते. एचपीएलसीचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या तंत्राचा, आलेख स्वच्छ होता, शुद्धता ९६ टक्क्यांच्या वर. रेणूचे वजन दाखवणाऱ्या वस्तुमान वर्णपटाच्या पानावर मात्र मी अडखळले. आमच्या हिशेबाने रेणुभार १८३७.४ यायला हवा होता आणि प्रमाणपत्रावर सैद्धांतिक रेणुभार १८३८.४ छापलेला होता. तीन प्रभारांचे शिखर ६१३.५ वर हवे होते, ते ६१३.८ वर होते. फरक एका एककाचा; पण अमाइड आणि आम्ल यांच्यातला फरकही नेमका तेवढाच असतो. म्हणजे शुद्धता उत्तम, क्रम बरोबर आणि शेपूट चुकलेले. प्रमाणपत्रावरचा अपेक्षित आकडा आणि मिळालेला आकडा एकमेकांशी तंतोतंत जुळत असल्यामुळे कंपनीच्या बाजूने सगळे ठीकच दिसत होते, कारण त्यांनी चुकीच्या वस्तूची बरोबर तपासणी केली होती. हे पान वरवर चाळून फाइलला लावले असते तर सहा प्रभारांच्या पेप्टाइडावर सात प्रभारांचे निष्कर्ष लिहिले गेले असते.

चूक कशी झाली ते फोनवर उलगडले. आमच्या ईमेलमध्ये ‘एनएच२’ होते, पण त्यांच्या अंतर्गत तक्त्यात सी-टोकासाठी वेगळा रकाना होता आणि तो कोणी भरलेला नव्हता. रकाना रिकामा असेल तर आम्ल, असा त्यांचा नियम. “मॅडम, शेवटी काही जोडून मिळणार नाही का?” असे फोनवरचे बोलणे ऐकणाऱ्या विद्यार्थिनीने मला विचारले, आणि तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण पेप्टाइड घन आधारावर बनते, ज्या पद्धतीसाठी ब्रूस मेरिफिल्ड यांना १९८४ चे नोबेल मिळाले, आणि त्यात साखळी सी-टोकाकडून सुरू होते. पहिला मणी कोणत्या प्रकारच्या राळेवर बसवला, यावरच शेवटी आम्ल सुटेल की अमाइड हे ठरते. म्हणजे आपण ज्याला शेपूट म्हणतो तीच बांधकामाची पहिली वीट, आणि ती चुकली की घर पुन्हा बांधावे लागते. कंपनीने दोन दिवस घोळ घातला, आमचा ईमेल पुन्हा पाहिला, आणि नंतर मात्र कुरकुर न करता विनामूल्य नवे संश्लेषण मान्य केले. तीन आठवडे आणखी गेले. चार महिन्यांच्या प्रबंधात तीन आठवडे फार असतात, पण वागणूक सभ्य होती हे नोंदवले पाहिजे.

दुसरी कुपी आली, रेणुभार बरोबर, आणि आम्ही निश्चिंत होऊन द्रावण केले. आता या सेवेबद्दलची माझी मुख्य तक्रार. कुपीवर ‘५ मिलिग्रॅम’ लिहिले होते. विद्यार्थिनीने त्या हिशेबाने एका मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम असे द्रावण बनवले आणि माझ्या सांगण्यावरून २८० नॅनोमीटरला मोजले. दोन ट्रिप्टोफॅन असलेल्या या पेप्टाइडाचे वाचन ०.६० च्या आसपास यायला हवे. यंत्र ०.४१ दाखवत होते. मी आधी तिच्या हाताला दोष दिला, मग पिपेटला, मग क्युव्हेटला, आणि तिने तीनदा नव्याने करून तिन्ही वेळा जवळजवळ तोच आकडा आणला तेव्हा मला वरमून कागद-पेन घ्यावे लागले.

हिशेब साधा आहे. शुद्धीकरणात ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल वापरतात, ज्याला सगळे टीएफए म्हणतात, आणि पेप्टाइडाच्या प्रत्येक धन प्रभाराला त्याचा एक रेणू चिकटून राहतो. आमच्या पेप्टाइडात सहा लायसिन आणि साखळीच्या सुरुवातीचे एन-टोक मिळून सात धन प्रभार. टीएफएचा रेणुभार ११४. साताने गुणले की ७९८. म्हणजे १८३७ एककांच्या पेप्टाइडाबरोबर ७९८ एककांचे मीठ आपण विकत घेतो. पेप्टाइडाचा वाटा ७० टक्के, आणि भुकटीने धरलेले पाणी त्यातून आणखी थोडे कमी करते. पाच मिलिग्रॅमच्या कुपीत पेप्टाइड साडेतीन मिलिग्रॅमच होते. हापूसच्या पेटीचे वजन पेंढ्यासकट करावे तसा हा प्रकार, फरक इतकाच की पेंढा डोळ्यांना दिसतो. ९६ टक्के शुद्धता ही फक्त पेप्टाइडजन्य पदार्थांमधली शुद्धता. मीठ आणि पाणी त्या आलेखात धरलेच जात नाहीत. यात कंपनीने खोटे काहीही सांगितलेले नाही, आणि सगळ्या व्यवसायाची हीच रीत आहे. पण निव्वळ पेप्टाइडाचे प्रमाण प्रमाणपत्रावर नसते, वेगळे पैसे भरून मागावे लागते, आणि ते मागता येते हे कोटेशनमध्ये कुठेही लिहिलेले नव्हते. जिवाणूनाशक पेप्टाइडे इतरांपेक्षा अधिक प्रभारित असल्यामुळे हा फटका नेमका आमच्यासारख्या ग्राहकांनाच सर्वाधिक बसतो. एखादा म्हणेल की किमान रोधक मात्रा, म्हणजे एमआयसी, दुपटीच्या पायऱ्यांनी काढतात, त्यात ३० टक्के लपून जातील. काही वेळा लपतातही. पण चार प्रभारांच्या पेप्टाइडाची सात प्रभारांच्या पेप्टाइडाशी तुलना करायची असेल तर मिठाचे प्रमाण दोघांत वेगळे, आणि मग तुलना आपण पेप्टाइडांची करतो की मिठाची, हे सांगता येत नाही.

टीएफएचा दुसरा त्रास असा की ते पेशींवरच्या प्रयोगांत लुडबुड करते. टीएफएऐवजी अॅसिटेट किंवा क्लोराइडचे मीठ करून घ्यायची सोय कंपनीकडे होती, पण तीही विचारल्यावरच कळली.

प्रयोगांचा तपशील या परीक्षणाचा विषय नाही, तरी मिळालेल्या मालाबद्दल काही सांगण्यासाठी थोडे लिहिणे भाग आहे. ई. कोलायच्या एटीसीसी २५९२२ या प्रमाणित वाणावर पेप्टाइड चालले. सुरुवातीला वाचने एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरे अशी येत होती, आणि त्याचे कारण कंपनीत नव्हे तर आमच्या कपाटात सापडले : नेहमीच्या पॉलिस्टायरिनच्या ९६ खड्ड्यांच्या ताटलीला धन प्रभारित पेप्टाइडे चिकटून बसतात. पॉलिप्रोपिलिनची ताटली आणल्यावर आकडे स्थिरावले. मेंढीच्या धुतलेल्या तांबड्या पेशींवर मात्र निकाल वाईट आला. जास्त मात्रेच्या नळ्यांत वरचे पाणी कोकम सरबतासारखे लाल झाले, म्हणजे पेशी फुटल्या. जिवाणूच्या पटलाचा ऋण प्रभार ओळखून तेवढ्यावरच जाणे हे या पेप्टाइडांकडून अपेक्षित असते; पण तेलकट बाजू फार भरली की ती कोलेस्टेरॉलने भरलेल्या, प्रभारहीन दिसणाऱ्या आपल्या पेशींच्या पटलातही शिरते. दोष आमच्या आखणीचा होता, मालाचा नव्हता. उलट माल चांगला होता म्हणूनच आखणीचा दोष इतका स्पष्ट दिसला, असे मी म्हणेन.

त्यानंतर दोन ल्युसिनांच्या जागी ॲलनिन घालून तेलकटपणा कमी केलेली दुसरी मागणी आम्ही त्याच कंपनीकडे दिली. या वेळी मागणीपत्रात तीन गोष्टी वेगळ्या ओळींवर लिहिल्या : सी-टोक अमाइड, मीठ अॅसिटेट, निव्वळ पेप्टाइडाचे प्रमाण लेखी हवे. अॅसिटेटचा रेणू टीएफएच्या जवळपास निम्म्या वजनाचा, त्यामुळे हिशेबाने पेप्टाइडाचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास जातो. प्रमाणपत्रावर ७८ आले आणि आमच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरनेही ते मान्य केले. दर थोडा वाढला, मुदत चार दिवसांनी लांबली, पण या कुपीबद्दल मला काहीही म्हणायचे नाही.

गुण द्यायचे तर संश्लेषण आणि शुद्धतेला पाचपैकी पाच, चूक सुधारण्याच्या वृत्तीला चार, आणि ग्राहकाला आधी सांगायच्या गोष्टी सांगण्याला दीड. सगळे मिळून साडेतीन. अर्जात सी-टोकाचा रकाना रिकामा सोडताच येऊ नये आणि कुपीच्या चिठ्ठीवर एकूण वजनाशेजारी निव्वळ वजनाचा अंदाज छापावा, एवढ्या दोन सुधारणा केल्या तर मी आनंदाने साडेचार देईन. दोन्हींना फारसा खर्च नाही. ज्या विभागांत वस्तुमान वर्णपट वाचू शकणारे कोणी नाही, त्यांनी मागणीआधी रेणुभार स्वतः हिशेबाने काढून मागणीपत्रावर लिहून द्यावा, म्हणजे कंपनीला आपला अपेक्षित आकडा स्वतःच्या तक्त्यातून काढावा लागणार नाही.

पहिल्या चुकलेल्या कुपीबद्दल कंपनीने ‘टाकून द्या’ असे कळवले होते. ती आम्ही टाकली नाही. तिच्यावर ‘शेपूट आम्ल’ अशी चिठ्ठी लावून ती उणे २० च्या फ्रीजरमध्ये ठेवली होती, आणि प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यात विद्यार्थिनीने दोन्ही पेप्टाइडे एकाच ताटलीत शेजारी शेजारी लावली. आम्लाच्या ओळीत जिवाणू अमाइडच्या ओळीपेक्षा पुढच्या, जास्त मात्रेच्या खड्ड्यापर्यंत वाढलेले होते. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत सर्वाधिक वेळ त्याच ताटलीच्या छायाचित्राबद्दल विचारले.